‘मागचे स्पीकर’ म्हणावं का? सराउंड साउंडच्या शब्दांची चर्चा

प्रश्न (माहीम)

आईबाबांच्या घरी 5.1 होम थिएटर, म्हणजे पाच स्पीकर आणि जाड, खोल आवाजासाठी वेगळा सबवूफर, बसवून देते आहे. सोबत मराठीत एक कागद लिहून भिंतीवर लावायचा आहे, म्हणजे झाडलोट करताना एखादा स्पीकर हलला किंवा वायर निघाली तर त्यांचं त्यांना नीट करता येईल. लिहायला बसले आणि शब्दांशी अडले. ‘सराउंड साउंड’ला काय म्हणावं? ‘सभोवार ध्वनी’, ‘परिवेशी ध्वनी’ की ‘चौफेर आवाज’? पाच स्पीकरांना सध्या मी ‘मधला, पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा’ अशी नावं दिली आहेत. ‘कॅलिब्रेशन’साठीही, म्हणजे बसवलेले स्पीकर एकमेकांशी जुळवून घेण्यासाठीही, शब्द हवा आहे. ‘अंशशोधन’ वगैरे सुचवू नका, बाबा कागद फाडून टाकतील.

ध्वनिमुद्रक (पुणे)

बाकीचं नंतर बोलू, आधी ‘मागचा’ खोडा. हा शब्दाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही, त्या शब्दामुळे स्पीकर चुकीच्या जागी जातात. दुकानातला माणूस ‘हे दोन मागचे’ म्हणतो, घरचे ते सोफ्याच्या मागच्या भिंतीवर पार छताच्या कोपऱ्यात ठोकतात. सोफा त्याच भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे आवाज डोक्यावरून निघून जातो.

5.1 मध्ये मागचे स्पीकर नसतातच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत मधला स्पीकर शून्य अंशावर, पुढचे दोन 30 अंशांवर आणि सराउंडचे दोन 100 ते 120 अंशांच्या दरम्यान आहेत. सोफ्यावर बसून दोन्ही हात आडवे पसरले की ते 90 अंश. तळव्यांच्या थोडं मागे या स्पीकरांची जागा. खरोखर पाठीमागे म्हणता येतील असे स्पीकर 7.1 मध्ये येतात, साधारण 135 ते 150 अंशांवर. आज 5.1 च्या जोडीला ‘मागचे’ म्हटलं आणि उद्या दोन वाढवले, तर त्यांना काय म्हणणार?

माझ्या कामात आम्ही ‘सराउंड’च म्हणतो. घरच्या कागदावर मी ‘बगलेचा डावा, बगलेचा उजवा’ लिहीन. नुसतं ‘बाजूचा’ लिहिलं तर पुढच्या डाव्या-उजव्याशी गोंधळ होतो. आणि डावा-उजवा कोणाचा तेही लिहा: टीव्हीकडे तोंड करून बसलेल्या माणसाचा. वायर जोडताना माणूस टीव्हीच्या मागे वाकलेला असतो, तिथे नेमकी अदलाबदल होते.

निवृत्त शिक्षिका, भौतिकशास्त्र (नाशिक)

‘बगलेचा’ आवडला. एकूण संचासाठी माझं मत ‘चौफेर’ला. ‘चौ’ म्हणजे चार आणि स्पीकर पाच, असा आक्षेप कोणी घेईल, पण मराठीत चौफेर म्हणताना कोणी दिशा मोजत नाही. क्रिकेटच्या वर्णनात ‘चौफेर फटकेबाजी’ म्हणतात तेव्हा चेंडू मैदानभर गेलेला असतो. ‘सभोवार’ही बरोबर आहे, फक्त आता तो पुस्तकातच जास्त भेटतो.

‘परिवेश’ मात्र यासाठी वापरू नये, त्याला वेगळं काम द्यावं. चित्रपटात पात्रं बोलत असताना मागे पाऊस, रस्ता, बाजार, रातकिडे ऐकू येतात. त्या जागेच्या आवाजाला ‘परिवेश’ शोभतो. तो बहुतेकदा बगलेच्या स्पीकरांतून येतो हे खरं, पण त्या स्पीकरांतून गोळीही सुटते आणि विमानही जातं. एक झालं आवाज कुठून येतो त्याचं नाव, दुसरं झालं तो कशाचा आहे त्याचं.

आणि ‘कॅलिब्रेशन’ला नवा शब्द शोधायची गरजच नाही. आपल्याकडे ‘लावणं’ आहे. टीव्ही लावला म्हणजे चालू केला, खुंटी लावली म्हणजे बसवली, तानपुरा लावला म्हणजे सुरात आणला. स्पीकरच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी कराव्या लागतात आणि लोक दुसरीवर थांबतात. कागदावर ‘बसवणं’ आणि ‘लावणं’ असे दोन वेगळे भाग करा. तबला वाजवायच्या आधी लावावा लागतो हे घरात कोणालाही सांगावं लागत नाही, तसंच हे.

ध्वनिमुद्रक (पुणे)

‘लावणं’ एकदम योग्य. मी इतका काळ ‘सेटिंग करणं’ म्हणत आलो.

त्या लावण्याच्या दोन पायऱ्या. पहिली अंतराची. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळपास 3 मिलिसेकंद. बगलेचा स्पीकर कानापासून दीड मीटरवर आणि पुढचा तीन मीटरवर असला, तर बगलेचा आवाज चार-साडेचार मिलिसेकंद आधी पोचतो आणि कान तिकडे ओढला जातो. रिसीव्हरला, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या यंत्राला, मोजपट्टीने मोजलेली अंतरं दिली की तो जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा वेळ थोपवून धरतो. ‘डिले’ला ‘विलंब’ म्हणू नका. विलंब म्हटलं की गाडी उशिरा आल्यासारखं, काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. ‘थोपवणं’ म्हणा, त्यात काम कळतं.

दुसरी पातळीची. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून सलग सळसळ सोडतो. बसायच्या जागी कानाच्या उंचीवर आवाज मोजायचं यंत्र धरून सगळीकडे 75 डेसिबल यावेत असं जुळवायचं. रिसीव्हरसोबत माइक आला असेल तर तो हे स्वतः करतो, पण त्या वेळी घरात शांतता हवी. पंखा बंद, कुकर बंद.

इथे ‘आवाज’ हा शब्द जपून वापरा. ‘आवाज वाढव’ म्हणजे सगळ्यांचा एकदम. एकट्या स्पीकरचा वाढवायचा तर ‘पातळी’. मधल्या स्पीकरमधून संवाद येतात. संवाद कळत नाहीत म्हणून बाबा सगळा आवाज वाढवतील, मग धमाके सहन होणार नाहीत, मग पुन्हा कमी करतील. कागदावर ठळक लिहा: ‘बोलणं ऐकू येत नसेल तर मधल्याची पातळी वाढवा.’

सांगली

शब्दांची चर्चा आहे म्हणून ‘डॉल्बी’बद्दल लिहितो. आमच्याकडे, म्हणजे सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडे, डॉल्बी म्हणजे मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत. ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ ही मोहीम इथे चालते आणि तिचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. पुण्या-मुंबईकडे त्यालाच डीजे म्हणतात. माझ्या आजीला ‘घरी डॉल्बी बसवलाय’ म्हटलं तर ती कानावर हात ठेवेल.

मूळ नाव रे डॉल्बी यांचं. त्यांनी 1965 मध्ये लंडनला कंपनी काढली आणि तिचं पहिलं गाजलेलं काम म्हणजे टेपची खरखर कमी करणारी यंत्रणा. जुन्या कॅसेट डेकवर ‘डॉल्बी’ असं लिहिलेलं बटण असायचं ते त्याचंच: दाबलं की पाठीमागचा ‘सूं’ आवाज उतरायचा. नको असलेला आवाज घालवणाऱ्या माणसाचं नाव आमच्या भागात असह्य आवाजाचं नाव झालं. मला याचं वाईट वाटतं, पण शब्द रुजला आहे आणि वर्तमानपत्रंही त्याच अर्थाने छापतात. कागदावर ‘डॉल्बी’ लिहायचं तर आईबाबा कुठल्या गावचे ते आधी पाहा!

सरकारी मराठीचंही सांगतो. रात्री 10 ते सकाळी 6 च्या बंदीच्या आदेशांत ‘ध्वनिक्षेपक व ध्वनिवर्धक’ अशी जोडी येते. क्षेपक म्हणजे आवाज फेकणारा, तो स्पीकर. वर्धक म्हणजे वाढवणारा, तो ॲम्प्लिफायर. बोलताना मात्र स्पीकरला ध्वनिवर्धक म्हणणारे आणि ‘ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून भाषण केले’ असं माइकला उद्देशून लिहिणारे, दोन्ही आहेत. इतके घोळलेले शब्द घरच्या कागदावर नकोत. स्पीकरला स्पीकरच म्हणावं.

निवृत्त शिक्षिका (नाशिक)

सहमत. फक्त ते शब्द लिहायची वेळ आलीच तर ‘ध्वनि’ ऱ्हस्व ठेवावा. सुटा शब्द ‘ध्वनी’, समासात पहिला आला की ‘ध्वनिवर्धक’, ‘ध्वनिमुद्रण’. छापील आदेशांतही ही चूक दिसते.

फोंडा

मी भजनात घुमट वाजवतो, म्हणून सबवूफरविषयी बोलू का? गोव्याचं घुमट हे मातीचं भांडं असतं. एक तोंड मोठं, त्यावर चामडं, दुसरं लहान आणि उघडं. एका हाताने चामड्यावर थाप द्यायची आणि दुसऱ्या तळव्याने उघडं तोंड झाकत-उघडत नाद बदलायचा. भोक असलेला सबवूफर मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो लगेच कळला. ते भोक शोभेचं नाही, आतली हवा तिथून काम करते. म्हणून ते भिंतीला चिकटवू नये, वीतभर जागा सोडावी. खर्ज फार लोंबकळायला लागला तर त्या भोकात स्पंजचा बोळा घालून पाहतात, काही कंपन्या तो सोबतच देतात.

‘बेस’साठी ‘खर्ज’ लिहावं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या घरात हा रोजचा शब्द आहे. आणि दोन शब्दांत फरक ठेवावा. डग्ग्याचा घुमारा हवासा असतो, त्याला वजन असतं. खोली घुमते ती नकोशी. ‘घुमारा आहे’ ही दाद, ‘घुमतंय’ ही तक्रार.

ध्वनिमुद्रक (पुणे)

घुमारा आणि घुमणं यांतला फरक मी आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांनाही सांगणार आहे. इंग्रजी शब्द वापरून हा फरक समजावायला मला फार बोलावं लागतं.

खोली घुमते त्याचं कारण समांतर भिंती. 12 फुटांची, म्हणजे साधारण 3.66 मीटरची खोली घ्या. त्या दोन भिंतींमध्ये 47 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज अडकून फुगतो. भिंतीलगत तो सगळ्यात जास्त, खोलीच्या मधोमध जवळपास नाहीसा. सोफा भिंतीला टेकलेला असला की ‘घुमतंय’ ही तक्रार येणारच. सोफा फूट-दीड फूट पुढे ओढता आला तर ओढा. सबवूफरची जागा शोधायची तर तो तात्पुरता सोफ्यावरच ठेवा, खर्ज असलेलं गाणं लावा आणि तुम्ही भिंतीलगत जमिनीशी कान नेऊन फिरा. जिथे खर्ज आखूड आणि स्वच्छ लागेल, तिथे सबवूफर ठेवायचा.

निवृत्त शिक्षिका (नाशिक)

याच्या जोडीला आणखी एक. लोक रिकाम्या खोलीत ‘इको येतोय’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकात शिकवतो ती गोष्ट: प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला परावर्तन करणारी भिंत किमान 17.2 मीटर दूर लागते. दिवाणखान्यात ते अशक्य. तिथे असतो तो निनाद, आवाज संपल्यावरही रेंगाळणारा. त्याला उपाय जाड पडदे, गालिचा, पुस्तकांचं कपाट. आणि हे उपाय खर्जाच्या घुमण्यावर जवळपास काहीच करत नाहीत, म्हणून निनाद आणि घुमणं हे शब्द वेगळेच राहू द्या.

प्रश्नकर्ती (माहीम)

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदाचा मसुदा असा झालाय:

बसवणं — मधला टीव्हीखाली, पुढचे दोन टीव्हीच्या दोन बाजूंना, कानाच्या उंचीवर. बगलेचे दोन सोफ्याच्या दोन टोकांना, किंचित मागे, कानापेक्षा थोडे वर.
लावणं — अंतरं मोजून भरा. मग पातळी. स्पीकर हलला तर हे पुन्हा करा.
बोलणं ऐकू येत नसेल तर मधल्याची पातळी वाढवा. खोली घुमत असेल तर सबवूफरची पातळी कमी करा.

दोन गोष्टी उरल्या. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरसाठी ‘स्मॉल’ की ‘लार्ज’ विचारतो. आमचे पुढचे दोन स्पीकर कमरेएवढे उंच आहेत, म्हणून बाबांनी लगेच ‘लार्ज’ केलं. आणि सबवूफरच्या मागे ‘फेज’ नावाची कळ आहे.

ध्वनिमुद्रक (पुणे)

‘लहान-मोठा’ असं भाषांतर केलंत तर बाबांचंच बरोबर ठरेल, म्हणून करू नका. तो प्रश्न आकाराचा नाहीच. ‘स्मॉल’ म्हणजे या स्पीकरचा खर्ज काढून सबवूफरकडे द्या, ‘लार्ज’ म्हणजे त्याच्याकडेच राहू द्या. कागदावर लिहा: ‘पाचही स्पीकरांचा खर्ज सबवूफरकडे, 80 हर्ट्झपासून खाली.’ स्पीकर कमरेएवढा असला तरी बहुतेक घरांत हेच चांगलं वाजतं.

5.1 मधला ‘पॉइंट वन’ही असाच फसवतो. तो दशांश नाही, वेगळी मोजणी आहे. आवाजाच्या पाच पूर्ण वाहिन्या, एकेका स्पीकरसाठी एक, आणि एक फक्त खर्जाची, 120 हर्ट्झपर्यंतची. हे नाव 1987 मध्ये टॉमलिन्सन होल्मन यांनी सुचवलं. छतातले दोन स्पीकर जोडले की 5.1.2 होतं, तिथे दोन ठिपके पाहून लगेच लक्षात येतं की हा अपूर्णांक नव्हे.

निवृत्त शिक्षिका (नाशिक)

‘फेज’ला आमच्या विषयात ‘कला’ म्हणतात, दोन तरंगांमधल्या फरकाला ‘कलांतर’. वर्गात चालतो, घरच्या कागदावर नाही. तिथे शब्द देऊ नका, कृती द्या: एक जण सोफ्यावर बसेल, दुसरा कळ 0 वरून 180 वर आणि परत नेईल. बसलेल्याला ज्या बाजूला खर्ज जास्त भरीव लागेल, तिथे कळ ठेवून त्यावर चिकटपट्टी लावा.