'अरीय' आणि 'पंचअरीय': तारामाशाला कोणता शब्द?

प्रश्न: मी नागपुरात दहावीला विज्ञान शिकवते. प्राण्यांच्या वर्गीकरणात तारामाशाला 'अरीय सममित' म्हटलंय आणि जेलीफिशलाही तेच. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दोघं सारखेच, तर तारामासा इतका वरच्या पायरीवर कसा?" शब्द अपुरा पडतोय का? आणि 'अरीय' हा शब्द आला कुठून?

उत्तर १: अर म्हणजे चाकाचा आरा. बंडीचे आरे जसे तुंब्याभोवती बसवलेले असतात, तसे अवयव मध्याभोवती, म्हणून अरीय. अर + ईय, तेव्हा री दीर्घच; 'अरिय' लिहू नये. तारामाशासाठी मात्र मी 'पंचअरीय' म्हणेन. 'पंचार' तर त्याहून सुटसुटीत. ऋग्वेदातल्या अस्यवामीय सूक्तात 'पञ्चारे चक्रे' आहेच, पाच आऱ्यांचं चाक. तारामाशाच्या नात्यातल्या, गोल काटेरी समुद्री अर्चिनचं काटे गळालेलं कवच हातात घेतलं की हे पाच लगेच दिसतात. नलिकापाद, म्हणजे नळीसारखे बारीक पाय, बाहेर यायच्या बारीक छिद्रांचे पाच दुहेरी पट्टे वरून खाली उतरलेले असतात. तोंडातले दातही पाचच.

उत्तर २: 'पंचअरीय' बरोबर, पण त्याच्या आधी 'प्रौढावस्थेत' हा शब्द हवाच, मॅडम. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. तारामाशाचा डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेलं पिल्लू, द्विपार्श्व असतो, डावी-उजवी बाजू असलेला, समुद्रात तरंगणारा. रूपांतरणात डाव्या बाजूची एक पिशवी वाढते, मुखाभोवती कडं करते आणि त्या कड्याला पाच फाटे फुटतात. हीच पुढे जलसंवहनी संस्था, नलिकापाद चालवणारी. म्हणजे तारामाशाची अरीयता मागाहून आलेली. जेलीफिशच्या वाट्याला हा प्रवास नाही. त्याचं शरीर द्विस्तरीय, म्हणजे पेशींच्या दोन थरांपासून घडलेलं. कंटकचर्मी, म्हणजे तारामासा, अर्चिन यांचा गट, त्रिस्तरीय आणि देहगुहायुक्त (शरीरात पोकळी असलेले), त्यामुळे ते जेलीफिशपेक्षा आपल्याला जवळचे. वर्गात मी हे आधी सांगेन, व्याख्या नंतर.

प्रश्नकर्ती: आभार! आमच्याकडे समुद्र नाही, पण प्रयोगशाळेच्या बरणीत एक तारामासा आहे. पाठीवर, मध्यापासून जरा बाजूला, दोन भुजांच्या मध्ये एक फिकट ठिपका दिसतो. तो काय?

उत्तर २: मॅड्रेपोराइट, जलसंवहनी संस्थेचं बाहेर उघडणारं छिद्रांचं झाकण. ते एकच असतं आणि मध्यावर नसतं. त्यामुळे काटेकोर पाहिलं तर तारामाशाचे दोन सारखे भाग एकाच रेषेत पडतात: त्या ठिपक्यातून समोरच्या भुजेच्या टोकापर्यंत. मुलांना बरणीवर ही रेषा बोटानं काढायला लावा.

उत्तर १: आणि याच गटातली समुद्रकाकडी विसरू नका. ती आडवी लोळते, तोंड एका टोकाला, गुदद्वार दुसऱ्या. बाहेरून द्विपार्श्वच वाटते, पण नलिकापादांचे पट्टे मोजले तर बहुधा तीन खाली, दोन वर. म्हणून तिलाही पंचअरीयच म्हणायचं.