साठीनंतर तर्री बंद? मला अजिबात पटलेलं नाही

इतवारीची लेक: काल आपल्या नागपुरातल्या खामल्याच्या एका भाऊंनी लिहिलं, "साठी उलटली की झणझणीत रस्सा घातलेले तर्री पोहे, तिखटजाळ सावजी जेवण, संत्रा बर्फी बंद. सकाळी ओट्स, रात्री सूप. जिभेचे लाड तरुणपणी झाले." वाचून डोकंच तडकलं. आई गेल्यावर माझ्या भावाने बाबांचं ताट असंच पथ्याचं केलं होतं. बाबा दोन घास खाऊन ताट सरकवायचे. दंड सुटले, जिना चढताना कठडा धरायला लागले. वय झालं की स्नायू आपोआप झिजतात, त्यात प्रथिनं कमी पडली की माणूस खचतोच. दुधीच्या पातळ सुपात काय असतं? आता घट्ट वरण, दह्यात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी असते. रविवारी पोहे, वर चण्याची तर्री, तवंग काढून. कांदा बाबाच चिरतात, मला हात लावू देत नाहीत.

खामलेकर: ताई, ते लिहिणारा मीच. माझ्या वडिलांना बीपी होतं, तर्री सुटली नाही. लकवा मारला. शेवटपर्यंत मी त्यांना उचलून मोरीत नेलंय. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. तर्री, वर शेव, वर चिवडा, यात किती गेलं ते मोजा. लाड करणं सोपं असतं, नंतरचं निस्तरायला कोणी येत नाही.

महालची सून: तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं. पण ओट्सच काहून? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका वाचा. ज्येष्ठांना पोषक घटकांनी भरलेलं खाणं द्या म्हणते, बेचव द्या म्हणत नाही. माझ्या सासूबाईंना उन्हाळ्यात चिवळीची भाजी लागते. बर्डीच्या बाजारात निवडलेली मिळत नाही, मातीसकट आणते, त्या देठ मोडत बसतात. दुपार सुखाची जाते त्यांची.

काटोलवाला: बर्फीचं सोडा न बाप्पा, संत्र्याचं कोणी बोलूनच नाही राह्यलं! आमचा बगीचा आहे. शहरातले लोक रस काढतात, गाळतात, साखर टाकतात अन् चोथा फेकतात. तंतू सगळे चोथ्यात. म्हाताऱ्या माणसाला पोट साफ व्हायला तेच पाह्यजे. नागपुरी संत्र्याची साल सैल, दुखऱ्या बोटांनीही निघते. फोडी करून द्या.

धरमपेठ ६९: आमच्या ह्यांना दात नाहीत. फोडी कशा चावणार?

काटोलवाला: पातळ साल काढा, बिया काढा, गर द्या. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री येतात, थोडी आंबट. फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची, ती गोड. सालीवर हिरवी झाक दिसली की तुम्ही नाक मुरडता, अन् चकचकीत मेण लावलेलं दुप्पट भावात नेता. राग येतो मले.

खामलेकर: संत्र्यावर संत्रं चाललंय. किडनीचा त्रास असेल तर त्यातलं पोटॅशियम सांभाळावं लागतं, हे कोणी सांगणार आहे का?

काटोलवाला: ज्याले डॉक्टरनं मना केलं त्यानं नको खाऊ. बाकीच्यायले काहून भेव दाखवता?

धरमपेठ ६९: किडनीच्या तपासणीत ह्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे. बरं झालं विचारलं.

इतवारीची लेक: खामलेकर भाऊ, तुम्ही भोगलंय, त्यावर मी वाद घालणार नाही. मिठाचं तुमचं बरोबर आहे, शेव बंद करते. पण बाबांचं बीपी औषधाने ताब्यात आहे, डॉक्टरांना विचारूनच रविवार ठेवलाय. "साठीनंतर" म्हणून सरसकट कुऱ्हाड चालवू नका. ज्याचं ताट त्याला एकदा तरी विचारा.

खामलेकर: वरणाचं मान्य. भाकरीचंही. तर्रीचं नाही. आणि तवंग काढला तरी मीठ रश्श्यातच राहतं, रस्सा अर्धी वाटीच वाढा.

महालची सून: अर्धी वाटी म्हणजे तुम्ही हो म्हणालात.

खामलेकर: अर्धी वाटी म्हणालो. हो म्हणालो नाही.