मदत हवी आहे : वाचनालयाच्या ईमेल पत्राचा साचा मोबाईलवर विस्कटतो (विंडोज ७, थंडरबर्ड)

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं महिन्याचं पत्र मी घरच्या कॉम्प्युटरवरून ईमेलनं पाठवते. नागपूर, पुणे, सुरत असं कुठंकुठं गेलेली गावची माणसं ते वाचतात. नवीन पुस्तकं कोणती आली, संत्र्याच्या आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची) गळ कितपत आहे, कोणाच्या बागेचा सौदा झाला, असा त्यात मजकूर असतो.

पत्राला लेटरहेडसारखा साचा आहे. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत संत्र्याची फांदी आहे. आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी ती शाई आणि जलरंगात काढून दिली. वरच्या टोकाला पांढरी फुलं, मधे हिरवी फळं, खाली रंग धरलेली. हे चित्र गावातल्या प्रत्येकाला ओळखू येतं, म्हणून ते मला काढून टाकायचं नाही.

साचा विंडोज एक्सपीच्या काळातला, आऊटलुक एक्सप्रेस या तेव्हाच्या ईमेल प्रोग्रामसाठी केलेला. एक एचटीएम फाईल (वेबपानासारखा कोड असलेली) आणि शेजारी चित्राची फाईल. चित्र बॉडी टॅगला, म्हणजे कोडमधल्या अख्ख्या पानाला, पार्श्वभूमी म्हणून लावलंय आणि मजकूर त्यावर चढू नये म्हणून डावीकडे दीडशे पिक्सेलचा समास सोडलाय. आता मी तोच कोड थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये इन्सर्ट मेनूतल्या एचटीएमएलमधून टाकते.

माझ्या स्क्रीनवर पत्र छान दिसतं. पाठवल्यावर मात्र कोणाकडे चित्रच नसतं, कोणाकडे ते पुन्हापुन्हा उमटून अक्षरांखाली येतं. मावशीचा पुण्याहून फोन आला, "निस्ते पानंच दिसून राह्यले व, वाचू कुठून?"

दुसरी अडचण अक्षरांची. वाचनालयाचं नाव जुन्या, युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहे. ज्यांच्याकडे तो फॉन्ट नाही त्यांना तिथं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. नवा पत्ता मी नोटपॅडमध्ये युनिकोड मराठीत टाकून फाईल सेव्ह केली, तर उघडल्यावर नुसती प्रश्नचिन्हं.

"पीडीएफ करून जोडा" किंवा "पूर्ण पत्राचं चित्र करा" हे उपाय कृपया सुचवू नका. आमच्या एका वाचक आजोबांना दिसत नाही, त्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो. चित्रातली अक्षरं फोन वाचत नाही. त्यांच्यासाठी मजकूर मजकूरच राहायला हवा, बाकी मांडणीत वाटेल तो बदल करायची माझी तयारी आहे. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं आणि लाईनचा भरवसा नाही, त्यामुळे ऑनलाइन डिझाइनच्या साइटपेक्षा घरच्या मशीनवर होईल असं सांगा.

प्रतिसाद :

ताई, आधी अक्षरांचं बघू. नोटपॅडमध्ये सेव्ह ॲज उघडा. खाली एन्कोडिंगचा चौकोन आहे, त्यात विंडोज ७ मध्ये एएनएसआय ही जुनी अक्षरपद्धत असते. त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. तिथं यूटीएफ-८ (युनिकोडचाच प्रकार) निवडा आणि फाईलच्या हेड भागात, म्हणजे कोडच्या सुरुवातीला, कॅरसेट (अक्षरपद्धतीची नोंद) सुद्धा यूटीएफ-८ लिहा. जी प्रश्नचिन्हं झाली ती परत येणार नाहीत, तेवढा पत्ता पुन्हा टाईप करा.

वाचनालयाचं नावही युनिकोडमध्ये नव्यानं टाईप करा. जुन्या फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. आजोबांचा फोन ते नाव आज वाचत असेल तर काहीतरी भलतंच वाचत असेल. फॉन्टच्या यादीत निर्मला यूआय, मंगल आणि शेवटी सॅन्स-सेरिफ लिहा. अँड्रॉइड फोन स्वतःचा देवनागरी फॉन्ट वापरतो, त्याची काळजी नको.

प्रतिसाद :

मी छापखान्यात मांडणीचं काम करतो, म्हणून चित्राबद्दल सांगतो. उभी पट्टी मोबाईलवर टिकणार नाही. बहुतेक फोनची रुंदी कोडच्या हिशेबात ३६० पिक्सेलच्या आसपास असते. त्यातले १५० समासात गेले की एका ओळीत चार शब्द मावायची मारामार. शिवाय २००७ पासूनचं विंडोजवरचं क्लासिक डेस्कटॉप आऊटलुक मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, आणि सीएसएसनं (मांडणीच्या कोडनं) लावलेलं पार्श्वचित्र ते दाखवत नाही. म्हणून पार्श्वभूमीचा नाद सोडा.

फांदी आडवी करा. सरांचं मूळ चित्र असेल तर ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, फुलं ते पिकलेली फळं असा पूर्ण तुकडा आडवा फिरवा आणि पेंटमध्ये रुंदी १२०० पिक्सेलवर आणा. जेपीजी ठेवा, मागे पांढरा रंग राहू द्या. पारदर्शक पीएनजी केलं तर डार्क मोडमध्ये (काळ्या पार्श्वभूमीच्या स्क्रीनवर) काळ्या शाईच्या रेषा काळ्यात हरवतील.

मग एका कॉलमचं साधं टेबल घ्या. वरच्या ओळीत फांदी, खाली वाचनालयाचं नाव, त्याखाली मजकूर. चित्राची रुंदी ६०० लिहा, म्हणजे आऊटलुक ऐकेल, आणि स्टाईलमध्ये कमाल रुंदी शंभर टक्के द्या, म्हणजे फोनवर आक्रसेल. चित्र इन्सर्ट मेनूतल्या इमेजमधून टाका आणि संदेशासोबत जोडण्याच्या चौकोनात टिक ठेवा. कोडमध्ये तुमच्या सी ड्राइव्हचा पत्ता राहिला तर पुण्यातल्या फोनला तो कसा सापडणार? पर्यायी मजकुरात "संत्र्याची फांदी" एवढं लिहा, आजोबांचा फोन तेही वाचेल.

एक राहिलं. मजकूर वर्डमधून आणत असाल तर कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून पेस्ट करा. वर्ड सोबत ढीगभर कोड आणतं, आणि कोड १०२ केबीच्या वर गेला की जीमेल पत्र मधेच कापून "पूर्ण संदेश पाहा" दाखवतं.

मूळ प्रश्नकर्ती :

दोघा दादांचे मनापासून आभार. सरांकडे मूळ चित्र जपून ठेवलेलं होतं. वरूडला स्कॅन करून आणलं. आडवी केल्यावर फांदी बहरापासून तोडीपर्यंत डावीकडून उजवीकडे वाचता येते, सरांना ती अशी जास्त आवडली. मावशीच्या फोनवर आणि नागपूरच्या एका वाचकाच्या ऑफिसातल्या आऊटलुकवर, दोन्हीकडे नीट दिसलं. आजोबांच्या फोननं वाचनालयाचं नाव स्पष्ट वाचलं.

आता एवढंच विचारते, दर महिन्याला कोड पुन्हा टाकावा लागू नये म्हणून काय करू?

प्रतिसाद :

रिकामं पत्र तयार करा, चित्र आणि नाव जागेवर, मजकुराच्या जागी फक्त "मजकूर". मग फाईल, सेव्ह ॲज, टेम्प्लेट. ते टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये बसेल. तिथून उजव्या क्लिकनं "टेम्प्लेटवरून नवीन संदेश" घेतलात की मूळ साचा तसाच राहतो. साचाच बदलायचा असेल तेव्हा "टेम्प्लेट संपादित करा". एचटीएम फाईल आणि चित्राची एक प्रत पेनड्राइव्हवरही ठेवा, विंडोज ७ चं मशीन जुनं झालंय.