नवी मालिका, मध्येच बदललेला कप्तान : सीमाभागातल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बरीच मुलं कोल्हापूर-मुंबईच्या मालिकांत पडद्यामागं राबतात. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच. त्याच्या नव्या मालिकेचे दिग्दर्शक पहिला भाग दाखवायच्या आठ दिवस आधी बदलले. सुट्टीवर घरी आला, तर दोन दिवस नीट जेवला नाही. नट बदलला की बातमी होते. दिग्दर्शक, लेखक किंवा वाहिनीचा ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, वाहिनीकडून मालिकेवर देखरेख करणारा) बदलला, तर प्रेक्षकाला श्रेयनामावलीत एक वेगळं नाव दिसतं, एवढंच. सेटवर काय होतं ते तुम्ही लिहा. मालिकेचं आणि माणसांचं नाव नको.

खानापूर, सहायक दिग्दर्शक
जुने सर गेले तेव्हा आमच्या बँकेत, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेल्या साठ्यात, ९ भाग तयार होते. नव्या सरांनी त्यांतले ४ पुन्हा करायला लावले. रोज २२ मिनिटांच्या आसपासचा भाग द्यायचा असतो, त्यामुळे बँक संपली की रात्री शूट, पहाटे एडिट, संध्याकाळी टेलिकास्ट. कंटिन्युइटीची वही, म्हणजे आधीच्या शॉटमध्ये काय कसं होतं त्याची नोंद, माझ्याकडे होती. जुन्या सरांनी नायिका डावखुरी ठरवली होती, आणि हे स्क्रिप्टमध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी भीतभीतच वही पुढं केली. त्यांनी ती रात्रभर ठेवून घेतली. सकाळी पहिल्याच शॉटला त्यांनी स्वतः चहाचा कप तिच्या डाव्या हातात दिला. त्या दिवसापासून मी त्यांना मानतो.

वडगाव, संवादलेखिका
मला घेतलं तेच आपल्या बोलीसाठी. 'काय करूलालास?' असं घरात बोलतो तसंच लिहा, म्हणाले. पहिले वीस भाग मी आजीला वाचून दाखवत लिहिले. मग ईपी बदलले. नवे ईपी माणूस म्हणून चांगले, पण बोलीची त्यांना भीती वाटायची. विदर्भातल्या प्रेक्षकाला कळेल का, हा एकच प्रश्न. दर गुरुवारी टीआरपी आला की माझी चार वाक्यं कमी व्हायची. 'करूलालास'चं 'करायलाईस' झालं, मग 'करतोयस'. घरात कानडी शेजारणीशी होणारं अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणं तर पार गेलं. राहिला तो सगळ्या मालिकांत असतो तसला रांगडेपणा. आजी टीव्हीसमोरून उठली, 'हे आपलं बोलणं न्हवं बाळ' म्हणाली. मला ते अजून लागतं. बोली कळत नाही असं नाही हो, ऐकायची सवय लागायला चार आठवडे द्यावे लागतात, आणि नव्या माणसाकडे तेवढेच नसतात.

अथणी, संकलन, सध्या बेंगळुरू
ताई, कन्नड मालिकांतही हेच. माझ्या घरी मराठी, शाळा कन्नड. आमच्या मालिकेतलं घर उत्तर कर्नाटकातलं होतं. दिग्दर्शक बदलले आणि महिन्याभरात सगळं घर म्हैसूरकडचं बोलायला लागलं. फक्त नोकराचं पात्र आमच्यासारखं बोलायचं. त्याची वाक्यं कापताना मला बरं वाटायचं नाही.

बेळगाव, युनिटचा गाडीचालक
२०२१च्या एप्रिलात महाराष्ट्रात शूटिंग थांबलं, मालिका गोव्याला आल्या. चोर्ला घाटातून सामान मी नेलं. दिग्दर्शक आजारी पडले, त्यांच्या हाताखालच्या पोरानं सगळं सांभाळलं. मे महिन्यात गोव्यानंही परवानगी काढून घेतली. पोरगं गाडीत रडलं.

निपाणी, वेशभूषा
आमच्या कथेत नायिकेची आई १९८१च्या तंबाखू आंदोलनात उतरलेली. आमच्या गावचा विषय, म्हणून मी जीव ओतला. ओळखीच्या बायकांकडून तीस इरकली लुगडी मागून आणली, वापरलेलीच, कारण नवी लुगडी तंबाखूच्या वखारीत शोभत नाहीत. दोन दिवस शूट झालं. मग क्रिएटिव्ह हेड बदलले आणि कथेचा तो ट्रॅकच (उपकथा) रद्द. धुलाईचे, भाड्याचे पैसे जुन्यांनी तोंडी कबूल केलेले. नव्यांना काही माहीत नाही. आमचे पैसे तसेही ९० दिवसांनी येतात, तोवर कोण कुणाला ओळखणार? बायकांचे पैसे मी घरातून दिले.

खानापूर, सहायक दिग्दर्शक
ताई, त्या दोन दिवसांच्या कॉल शीट (त्या दिवशी कुठले सीन, कोण कोण लागणार याचा कागद) आहेत का? त्यांत वखारीचा सीन आणि बायकांची संख्या लिहिलेली असणार. आमच्या प्रॉपवाल्या काकांचे पैसे असेच अडकले होते, कॉल शीटच्या प्रती अकाउंट्सला दिल्यावर चार महिन्यांनी निघाले. नसतील तर तुमच्या युनिटच्या सहायकाकडे आजच मागा. तो दुसऱ्या मालिकेवर गेला की मिळणार नाहीत.