क्वीन : तुमच्या मनात राहिलेलं गाणं कुठलं?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं नाव काढलं की गप्पा गायक फ्रेडी मर्क्युरीपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. गिटारवाला ब्रायन मे, ड्रमवाला रॉजर टेलर आणि बेसवाला जॉन डीकन यांच्यावर हा अन्याय आहे असं मला फार वर्षं वाटतंय. चौघांनीही गाजलेली गाणी लिहिली, असं किती बँडबद्दल म्हणता येईल? आवडलेलं, न पटलेलं, सगळं लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. दादाने हॉस्टेलवरून 'ग्रेटेस्ट हिट्स'ची कॅसेट आणली होती. टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा मधला ऑपेराचा भाग लागला आणि आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "किती जण गाताहेत रे हे?" दादा म्हणाला, तीन. तिला खरं वाटेना, मलाही नाही. १९७५ साली फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर यांनी आपलेच आवाज एकावर एक इतक्या वेळा चढवले, की उजेडापुढे धरल्यावर टेपमधून आरपार दिसायला लागलं, असं ब्रायन सांगतो. त्यातले सगळ्यात वरचे सूर रॉजरचे. ड्रम वाजवणाऱ्याचे!

आलेली उत्तरं, गावांच्या नावांखाली:

इचलकरंजी

आमचा लेथचा धंदा, त्यामुळे मला गाण्याआधी गिटार भेटली. 'रेड स्पेशल' ब्रायनने वडिलांबरोबर घरीच बनवली. काम १९६३ मध्ये सुरू झालं. तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची. किडीने पाडलेली भोकं आगकाड्या ठोकून बुजवली. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, मानेवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. वाजवायला, तार छेडायच्या पिकऐवजी सहा पेन्सचं नाणं. कडेला खाचा असलेलं एक जुनं नाणं घेऊन मी मित्राच्या गिटारवर करून पाहिलं. तारेवर कड घासते तेव्हा सुराच्या आधी एक बारीक खर्र येते. तेव्हापासून ब्रायनच्या प्रत्येक सोलोत मी आधी ती खर्र ऐकतो. बापलेकांनी एका बाकापाशी उभं राहून केलेलं काम आहे ते, मला त्याचं मोल कळतं.

ठाणे

मी भौतिकशास्त्र शिकवते. ''३९' हे ब्रायनचं गाणं वर्गात लावते. अंतराळात गेलेले लोक परत येतात तेव्हा त्यांचं एकच वर्ष उलटलेलं असतं, पृथ्वीवर मात्र शंभर. आइनस्टाइनचा सिद्धान्त, पण चाल एखाद्या लोकगीतासारखी. ब्रायनने अर्धवट सोडलेली पीएचडी २००७ मध्ये पूर्ण केली, हे ऐकून मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

पुणे

मी पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये होतो. रविवार संपून पसरणी घाट चढायला लागलो की पोटात गोळा यायचा, आणि मी तर साताऱ्याचा! फरोख बुलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, हा मुलगा तिथल्या सेंट पीटर्समध्ये आला तो झांझिबारहून, समुद्र ओलांडून. पियानो तिथेच शिकला, 'द हेक्टिक्स' हा शाळेतला बँडही तिथलाच. त्याला पाचगणीने घडवलं असं म्हणणं मला जास्तीचं वाटतं. पण 'समबडी टू लव्ह' ऐकताना मला ती डॉर्मिटरी दिसते, त्याला काही इलाज नाही.

नागपूर

मला १९८२ चा 'हॉट स्पेस' हा अल्बम आवडत नाही. गायक डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' सोडलं तर गिटारला जागाच ठेवली नाही. डीकनचा बेस मात्र कुठेही ऐकावा.

नाशिक

'मदर लव्ह'. फ्रेडीने गायलेलं शेवटचं गाणं. १९९१ साली स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत गाता गाता तो थकला, नंतर येऊन पूर्ण करू म्हणाला, आणि ते राहून गेलं. शेवटचं कडवं ब्रायनने गायलं. गाणं १९९५ मध्ये 'मेड इन हेवन' या अल्बममध्ये आलं. आवाज बदलतो ती जागा मला ऐकवत नाही आणि ऐकल्याशिवाय राहवतही नाही.

माझे वडील भजनात पुढे असायचे. आजारपणात अंथरुणावर पडून अभंग म्हणायचे, दोन कडव्यांनंतर दम लागला की माझ्याकडे बघायचे. मग मी त्यांच्याच पट्टीत पुढचं धरायचो. माझ्या गळ्याला ती पट्टी उंच पडायची. तरी उतरवली नाही.