सिनॅरिओ म्हणजे भाकीत नव्हे
"पुढच्या आठवड्याचा पाऊस धड सांगता येत नाही आणि हे २१०० चं सांगतायत" हा हवामानबदलाच्या अभ्यासकांना मारलेला टोमणा टाळ्या घेणारा आहे, पण ते मांडतात तो सिनॅरिओ म्हणजे भाकीत नाहीच मुळी, 'समजा जग असं वागलं तर' एवढंच. त्यासाठी एसएसपी (शेअर्ड सोशिओइकॉनॉमिक पाथवेज, म्हणजे समाज नि अर्थव्यवस्था कुठल्या वाटेने जातील ते) नावाची जी पाच कथानकं वापरतात त्यात तर तापमानाआधी लोकसंख्या, शिक्षण, विषमता येते, एसएसपी३ मध्ये देश एकमेकांकडे पाठ फिरवतात, शिक्षण रखडतं नि २१०० ला माणसं १२ अब्जांच्या वर जातात, एसएसपी१ मध्ये साधारण ७ अब्ज.

खरी गोम वेगळीच आहे. या मूळ कथानकांतल्या जीडीपीत हवामानबदलाचं नुकसान धरलेलंच नसतं (मुद्दाम, ते नंतर वेगळं मोजायचं म्हणून). त्यामुळे कोणी ते आकडे उचलून "बघा, सगळे श्रीमंतच होणारेत" म्हणालं की आधी विचारायचं, नुकसान वजा केलंय का?