रेगडीवर एक मजला तडकतो, मग शांघाय टॉवर गाळावर उभा कसा?

रेगडमाती (ता. दारव्हा)
नमस्कार. मी डिप्लोमा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला शांघाय टॉवर घेतलाय: 632 मीटर, 128 मजले, 2015 मध्ये पूर्ण. तिथली जमीन नदीच्या मऊ गाळाची. आमच्याकडे रेगडीच्या काळ्या मातीवरच्या एकमजली घरालाही उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. सिमेंटने बुजवली की पुढच्या वर्षी शेजारी दुसरी. मग एवढा डोलारा टिकतो कसा? आणि त्याला हरित का म्हणतात, टोकावर पवनचक्क्या आहेत म्हणून?

आर्वीकर
ताई, मी बरीच वर्षं पाइलिंगच्या, म्हणजे जमिनीत खोल काँक्रीटचे खांब उतरवण्याच्या कामांवर होतो. आधी दोन्ही मातींचं दुखणं वेगळं करा. रेगड पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. शांघायचा गाळ वजनाखाली बसत जातो. म्हणून तिथं शेकडो पाइल खोल वाळूच्या थरात नेले आणि वर 6 मीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे सगळ्या पाइलांवरचा एकसंध काँक्रीटचा पाया, ओतला. सुमारे 60 हजार घनमीटर काँक्रीट, जवळपास अडीच दिवस अखंड! मध्ये खंड पडला असता तर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहिला असता.

पण सेमिनारचा खरा जीव वाऱ्यात आहे. सरळ चौकोनी इमारतीच्या कडांवरून वारा एका लयीत भोवरे सोडतो आणि ती आडवी डोलू लागते. हा टॉवर वर जाताना निमुळता होतो आणि 120 अंशांनी वळतो, त्यामुळे सगळ्या उंचीवर भोवऱ्यांचा ताल जुळत नाही. विंड टनेलच्या, म्हणजे नमुन्यावर वारा सोडून केलेल्या चाचण्यांत वाऱ्याचा भार चौकोनी आकारापेक्षा 24 टक्के कमी निघाला. तेवढ्याने पोलाद वाचलं. माझ्या मते हरितपण इथं आहे. पवनचक्क्या त्यापुढे किरकोळ. उरलेलं डोलणं वरच्या मजल्यांवर टांगलेलं सुमारे 1000 टनांचं वजन शमवतं.

काचेच्या भिंती दोन आहेत, मध्ये बागा. आपल्याकडच्या ओसरीसारखी ती जागा आतल्या खोल्यांचं ऊन-थंडी झेलते.

वऱ्हाडी_गडी
मले हे हरित-बिरित नाई पटत. एवढ्या उंचीवर पाणी चढवाले अन् लिफ्ट चालवाले रोज वीज लागते. तेवढीच जागा चाळीस मजल्यांच्या दोन-चार इमारतींत कमी लोखंडात झाली असती. ताई, लीड प्लॅटिनमचं, म्हंजे हरित इमारतीचं सगळ्यात वरचं, प्रमाणपत्र दाखवशीन तं हेही सांगजो. अन् आपल्या मे महिन्यात काचेची ओसरी म्हणजे भट्टी हाय, तिथं जाळी नाईतं कुडाची सावलीच पायजे.

आर्वीकर
भाऊ, उंचीचं तुमचं म्हणणं रास्त आहे. मी एवढंच म्हणतो, उंच बांधायचंच ठरलं तर आधी आकाराने वारा कमी करा, मग लोखंड मोजा. आणि काच आपल्या उन्हाला नकोच.

रेगडमाती
दोघांचेही आभार, दोन्ही बाजू मांडते. आमच्याकडे भावाचं घर बांधायचंय. रेगडीत काय करावं?

आर्वीकर
अंडर-रीम्ड पाइल. रुडकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्था) अशाच मातीसाठी विकसित केलेत. बुडाशी फुगीर कंद असतो, तो फुगण्या-आकसण्याच्या थराखाली, साधारण साडेतीन मीटरच्या आसपास न्यायचा. पाइलवरच्या बीमखाली, म्हणजे भिंती पेलणाऱ्या आडव्या तुळईखाली, 80 मिलिमीटर पोकळी ठेवायला गवंड्याला बजावा, नाहीतर तो मुरूम ठोकून भरतो आणि फुगलेली माती बीमच उचलते. माती तपासणी आधी करा, खोली त्यावरच ठरेल.